तारामतीची खरवड

कवठदऱ्याची वेस ओलांडून आत गेले, की डाव्या हाताला पश्चिमेची ओळ लागते आणि उजव्या हाताला पूर्वेची. पश्चिमेची ओळ घरांची आहे. पूर्वेची आहे दगडांची. एकाच गल्लीचे हे दोन काठ. एका काठावर जतन समितीने लावलेली पाटी आहे, दुसऱ्या काठावर तारामती आहे. लातूरहून, नांदेडहून जी माणसे हे जुने गाव पाहायला येतात ती आधी पाटी वाचतात आणि मग तारामतीच्या शिव्या खातात.

दरवर्षी सप्ताहाच्या कीर्तनाला मी या गावी जातो. वीणा खांद्यावर घेऊन वेशीतून आत शिरलो की पहिला आवाज तिचाच येतो. "आले का महाराज! सांगा, या दगडांना बी सांगा जरा देव!" मी हात जोडतो. ती तोंड फिरवते. आमचा हा नमस्कार वर्षानुवर्षांचा आहे, आणि मला तो देवळातल्या घंटेइतका प्रिय आहे. म्हणून, सज्जनहो, आज कोणा संताचे नव्हे, या भांडखोर बाईचे चरित्र मांडतो.

पण बाई कळायची तर आधी घर कळले पाहिजे.

आमच्याकडे शेतीच्या मातीला काळी म्हणतात आणि वस्तीच्या मातीला पांढरी. निलंग्याकडच्या या कोपऱ्यात गावे पांढरीवर बसली आणि घरेही पांढरीचीच झाली. दगडाच्या रुंद भिंती, आत सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या सऱ्या, त्यांवर फळ्या, त्यांवर लिंबाचा पाला, आणि सगळ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड, सपाट थर. हे माळवद. उन्हाळ्यात खाली गारवा, हिवाळ्यात ऊब. छताला मधोमध एक गोल झरोका. त्यातून दुपारच्या उन्हाचा कवडसा भाकरीएवढा माजघरात उतरतो आणि दिवसभर भिंतीवरून चालत राहतो. दारात ढाळज, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला बसायची खोल ओसरी. चौकटीवर कोरलेले कमळ. आणि गल्लीच्या शेवटी देशमुखांची पडकी गढी, जिच्या ढिगाऱ्यातून ही पांढरी माती पिढ्यान्पिढ्या सारे गाव उकरत आले.

या घरांची माळवदे एकमेकांना जोडलेली आहेत. रझाकारांच्या दिवसांत या गल्लीतली माणसे वेशीपासून गढीपर्यंत माळवदांवरून, जमिनीला पाय न लावता, निसटली, असे गावातले म्हातारे सांगतात. त्या दिवसापासून गल्लीने माळवदाला छप्पर म्हटलेच नाही. छत्र म्हटले. छत्र कोणी काढते का? म्हणून रीत पडली ती अशी: दर उन्हाळ्याच्या अखेरीस गढीची माती आणायची, जुन्या थरावर नवा थर घालायचा, धुमसाने ठोकून बसवायचा. जुने काढायचे नाही. बापाने घातलेली माती लेकाने काढू नये. माळवद खरवडायचे ते फक्त एकाच घराचे, ज्या घरात दिवा लावायला कोणी उरले नाही त्याचे. आणि जो खरवडतो त्याला त्या घराचा दोष लागतो.

याप्रमाणे आजोबाचा थर, त्यावर बापाचा थर, त्यावर लेकाचा थर. घरे खालून होती तेवढीच राहिली. वरून मात्र वाढत गेली.

तारामती या गल्लीत नवी सून म्हणून आली तेव्हा मातीची पाटी वाहण्यात तिचा हात धरणारी बाई नव्हती. पाट्या बायकांनी शिडीवरून वर द्यायच्या आणि गड्यांनी त्या पसरायच्या, ही कामाची वाटणी. इतर बाया शिडीच्या मध्यावर दम घेत, ही डोक्यावर पाटी घेऊन गाणे म्हणत चढे. सासरा खालून ओरडे, "बघा रे, माझी सून बघा! हिनं घातलेलं माळवद सात पिढ्या गळणार न्हाई!" तिचा नवरा संगप्पा वर उभा राहून पाटी झेलायचा आणि तिच्याकडे बघताना माती भलतीकडेच ओतायचा. थोरल्या संगप्पाने पूर्वेच्या ओळीतले घर घेतले, त्याच्या धाकट्या भावाला, रामलिंगला, पश्चिमेचे मिळाले. गल्ली भरलेली होती. तारामतीची कूसही भरली, मुलगी झाली.

मग किल्लारीचा तो भूकंप झाला. गणपती नुकतेच पाण्यात गेले होते आणि माणसे दमून निजली होती. तारामती पहाटेच्या अंधारात परसाकडे गेली होती. जमीन हलली तेव्हा ती उघड्यावर होती. पूर्वेची ओळ बसली. भिंती बाहेर फुटल्या आणि पिढ्यान्पिढ्यांचे छत्र एका क्षणात खाली आले. संगप्पा आणि मुलगी माजघरात होती. दोघांना काढायला गेलेल्यांना दगड फारसे उपसावे लागले नाहीत. उपसावी लागली ती माती.

पश्चिमेची ओळ हलली, तडकली, पण उभी राहिली. का, ते देव जाणे.

गावाला पलीकडच्या माळावर नवी वसाहत मिळाली; सगळे तिकडे गेले. तारामती गेली नाही. पूर्वेच्या ओळीत स्वतःच्या घराच्या ढिगाऱ्याशेजारी तिने पत्र्याची खोली उभी केली. पत्रा उन्हाळ्यात तव्यासारखा तापतो. कोणी म्हटले, "तारामाय, भाजून मरशील," की ती म्हणे, "भाजून मरीन. चेंगरून न्हाई." आणि पश्चिमेच्या ओळीत जो कोणी गुरे बांधायला, कडबा ठेवायला येई, त्याला ती एकच गोष्ट सांगे: वरचे खरवडा. लोक चिडत. तिचे घर बसले म्हणून ती आमचे बसवायला निघाली, असे बोलले जाऊ लागले. सणाला तिला बोलावणे बंद झाले. तिनेही शब्दाला शब्द दिला, शिवीला शिवी दिली.

बऱ्याच वर्षांनी गावाचे दैव फिरले. लातूरच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवून निवृत्त झालेले अनंतराव इथे आले, पश्चिमेची ओळ पाहून हरखले, आणि गावकऱ्यांना बरोबर घेऊन त्यांनी जतन समिती उभी केली. भिंती सांधल्या, लाकडाला तेल पाजले, कमळे घासली, पाटी लावली. पाटीवर लिहिले की येथील माळवदांची जाडी विशेष पाहण्यासारखी आहे. माणूस मनाने निर्मळ. या गल्लीवर त्यांनी लेकरासारखी माया केली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

पाहुणे येऊ लागले. तारामती दगडावर बसून ओरडे, "बघा, बघा! दार बघा, कमळ बघा! अन् हिकडच्या मातीखाली कोण निजलं हुतं ते बी इचारा की!"

"वैनी, पाव्हणे हायत. तोंड आवरा," रामलिंग म्हणे.

"माझं तोंड आवरायचं तुझ्या बापाला जमलं न्हाई. तुला काय जमणार?"

घर सजले तसा रामलिंग वसाहतीतून परत जुन्या घरी राहायला आला. सगळे ठाकठीक झाले, फक्त माजघराचे दार तेवढे लागेना. वरची तुळई बाकलेली. दार अर्ध्यावर अडके, खांदा लावून ढकलावे लागे. जुने घर आहे, असे चालायचेच, असे म्हणून त्याने दार तसेच ठेवले.

आणि त्या उन्हाळ्यात त्याची एकुलती लेक दीपमाला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली.

त्याच सुमारास आमच्या भागात जमिनीच्या पोटातून पुन्हा गुडगुड ऐकू येऊ लागली होती. भांडी थरथरत आणि थांबत. लोक हसून म्हणत, "धरणीला ढेकर आला." तारामती हसली नाही. ती गल्ली ओलांडून रामलिंगच्या ढाळजेत येऊन उभी राहिली. कित्येक वर्षांत ती तिथे आली नव्हती.

"रामलिंग, पोरीला कुठं निजवणार?"

"कुठं म्हंजे? बाळंतीण माजघरातच निजती."

"मग आधी वरचं खरवड."

रामलिंगचा चेहरा उतरला आणि मग लाल झाला. पोटुशी लेक घरात असताना कोणी त्या घराचे माळवद खरवड म्हणते? हा सल्ला नव्हता, त्याच्या कानाला तो शाप होता. "तुमचं बसलं म्हणून आमचं बी बसवायला निघाल्या काय? लेकीच्या पोटावर डोळा ठिवता?"

दीपमाला आतून आली. तिच्या डोळ्यांत पाणी होते, पण बोलणे धारदार होते. "मोठी माय, माझ्या डोईवर कुदळ नको गं चालवू. अजून लेकरू भाईर बी आलं न्हाई."

"म्हणूनच," तारामती म्हणाली.

"निघा!" रामलिंगने हात केला. ती निघाली. जाता जाता अडकलेल्या दारावर तिने एक थाप मारली. ते हलले नाही.

माती घालण्याचा दिवस ठरला. बायका गढीपासून ओळीने पाट्या आणू लागल्या. रामलिंग खोरे घेऊन वर होता. अनंतराव जुनी रीत कॅमेऱ्यात धरायला आले होते. शिडीशी रामलिंगने माणूस उभा केला होता, तारामती चढू नये म्हणून. पण जी गल्ली वरून जोडलेली आहे तिला शिडीची गरज कुठे? गढीच्या बुरुजाच्या पडक्या पायऱ्यांवरून ती शेवटच्या घरावर चढली आणि एकेक माळवद ओलांडत, जमिनीला पाय न लावता, रामलिंगच्या छतावर आली. तिच्या हातात कुदळ होती. माजघराच्या बरोबर वर, झरोक्याशेजारी, तिने बैठक मारली.

बायकांचे गाणे थांबले.

"उतरा," रामलिंग म्हणाला.

"खरवड, मग उतरते."

"वैनी, लाज वाटू द्या!"

"लाज? ती त्या मातीखाली गेली. उपस, सापडली तर दे."

खालून कोणी बाई हसली आणि लगेच गप्प झाली. रामलिंगने खोरे आपटले. "द्या गं वर पाट्या! बसली तर बसू द्या!" आणि पाट्या आल्या; तो आणि गडी त्या ओतू लागले. पहिली तिच्यापासून लांब पडली. दुसरी जवळ. तिसरी तिच्या गुडघ्यांवर. ती हलली नाही. माती तिच्या मांडीवर साचत गेली, लुगड्याच्या घड्यांत भरत गेली. कोणाचाही हात थांबला नाही. मी हे नंतर ज्यांच्या तोंडून ऐकले, त्यांनीच त्या पाट्या ओतल्या होत्या.

मग तारामती बोलली, आणि तिचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदाच खाली आला. "वत, रामलिंग. तुझ्या भावावर म्या वतली तेवढी वत. त्या साली शिडीवर माझ्याइतक्या झपाट्यानं कोण चढत हुतं, इचार या बायांना. तुझा बाप खालून वाहवा करत हुता. पाटी पाटी करून म्याच चढवलं ते वर. म्याच. आता तू चढव. लेकीवर."

रामलिंगच्या हातातली पाटी तशीच राहिली.

मग तो दात चावत म्हणाला, "खरवडणाऱ्याला घराचा दोष लागतो. ठाव हाय न्हवं?"

"हाय ठाव. मला लागू दे. माझ्याकडं त्याला बसायला जागा लई."

"मग ऐका. खरवडा. पण एकट्यानं. गल्लीतलं एक माणूस हात लावणार न्हाई. माती माझ्या दारात पडाया नको. अन् तो दोष घिऊन तुमचा पाय माझ्या उंबऱ्याला लागाया नको, पुन्हा कवाच. लेकरू हुईल ते तुमच्या नजरेला पडणार न्हाई. कबूल?"

सज्जनहो, त्या घराण्यात तेवढेच एक लेकरू येणार होते. तिच्या संगप्पाच्या रक्ताची पुढची पिढी, ती तेवढीच. तिने झरोक्यातून खाली पाहिले. खाली दीपमालाचे वर वळलेले तोंड होते.

"कबूल," ती म्हणाली. "शिडी तरी ठिवतोस का ती बी नेतोस?"

अनंतराव कळवळून म्हणाले, "अहो, हे मूळ रूप आहे. समितीला न विचारता…"

"सर," रामलिंग त्यांच्यावरच उसळला, "घर माझं हाय. भांडण बी माझंच हाय. तुम्ही फोटू काढा."

ती खरवडू लागली. वरची पांढरी, तिच्याखाली चुलीच्या राखेचा करडा पट्टा, पुन्हा पांढरी, पुन्हा राख. सासऱ्याचा थर, आजेसासऱ्याचा थर. एका थरात काचेच्या हिरव्या बांगडीचा तुकडा निघाला. कोणत्या सुनेची कोण जाणे, पाटी ओतताना फुटलेली. तो तिने पदराला बांधला. माती कुठे टाकायची? कोणी आपल्या दारात पडू देईना. मग ती पाटी भरून शिडी उतरे आणि सगळी गल्ली चालून गढीच्या ढिगाऱ्यावर, जिथून ती आली होती तिथेच, ओती. पुन्हा येई, पुन्हा भरी. ढाळजांत बसलेले लोक तिला टोचत.

"काय तारामाय, गढी बांधायलीस काय?"

"हाव. तुझ्या बापाला जागा करायलेय."

ज्या वाटेने तरुणपणी माती छतावर गेली, त्याच वाटेने म्हातारपणी ती उतरत होती. मी आयुष्यभर परमार्थातला त्याग कीर्तनातून सांगत आलो. त्या उन्हाळ्यात मी तो गल्लीत चालताना पाहिला. त्याच्या पायांत चपला नव्हत्या आणि तोंडात शिव्या होत्या.

काम अर्ध्याहून पुढे सरकले तेव्हा दीपमाला निलंग्याच्या दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी झाली. लेकराला घेऊन गाडी वेशीत आली तेव्हा तारामती माळवदावर होती. खाली भाकरतुकडा ओवाळायची गडबड चालली होती, बायका वर बघत होत्या, आता ही वाकून पाहणार म्हणून. तिने कुदळ ठेवली, गढीकडे तोंड करून पाठ फिरवली आणि पदर डोळ्यांवर ओढून घेतला. लेकरू उंबरा ओलांडून आत गेल्यावर कोणीतरी खोकला, तेव्हाच तिने पदर काढला. त्या दुपारी झरोक्यातून रडणे वर आले. कानांचा करार झाला नव्हता. ती झरोक्याशी बसून कितीतरी वेळ हळूहळू खरवडत राहिली, आवाज होणार नाही इतकी हळू.

मृगाच्या आधी काम संपले. पाणी थोपवायला लागते तेवढीच माती तिने वर ठेवली, धुमसाने ठोकली, पन्हाळीकडे उतार दिला आणि पूर्वेच्या ओळीत निघून गेली. रामलिंग बघायला वर गेला नाही. आभार तर दूरच.

पण काही दिवसांनी, लेकरू झोपले म्हणून त्याने माजघराचे दार सवयीने खांदा लावून ढकलले, आणि दार सरळ जाऊन चौकटीला लागले. तो आत तोल जाऊन पडता पडता वाचला. त्याने दार उघडले. लावले. पुन्हा उघडले. वर तुळईकडे बघितले. बाकलेली तुळई सरळ झाली नव्हती, पण भार उतरताच दाराला जागा देण्याइतकी वर आली होती.

"तारीच्या…!" त्याने शिवी हासडली. दीपमाला सांगते, एवढ्या मायेने घातलेली शिवी तिने बापाच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात रामलिंग स्वतः कुदळ घेऊन गोठ्याच्या माळवदावर चढला. गल्ली जमली. दोषाचे काय, म्हणून कोणी विचारले. त्याने पूर्वेकडे बोट केले. "तिनंच घितलाय. तिच्याकडं जागा लई हाय म्हणली हुती." आणि कुदळ मारताना तो ओरडला, "दोष तारीला, माती गढीला!"

तेव्हापासून ती रीत झाली. त्यानंतर धरणी मोठी अशी हलली नाही, त्यामुळे तारामती खरी की खोटी, हे सांगणे माझ्या हाती नाही. पण आता माती घालण्याआधी पश्चिमेची ओळ घरोघर खरवडते. अनंतरावांनी पाटीवरचे जाडीचे वाक्य काढले आणि पाहुण्यांना ते खरवड दाखवतात. कुदळीच्या प्रत्येक घावाला साऱ्या गल्लीच्या तोंडी तेच: दोष तारीला, माती गढीला. तिला सणाचे बोलावणे अजूनही नाही. रामलिंग तिच्याशी बोलत नाही. माझे कीर्तन ढाळजेत होते आणि ती समोर, गल्लीपलीकडे, तिच्या दगडावर बसून ऐकते; मध्येच ओरडते, "मोठ्यानं बोला महाराज, हिकडं बी माणूस हाय!"

यंदा उन्हाळ्यात दीपमाला आली होती. तिची मुलगी आता धावती झाली आहे. खरवड चालू असताना ती आजोबाचा हात सोडून माळवदाच्या कठड्याशी गेली आणि सगळे म्हणतात ते तिनेही म्हटले, बोबडे, पण पूर्वेकडे तोंड करून: "दोछ तालीला!"

कुदळी थांबल्या. तारामतीने तिकडे पाहिले नाही. ती दगडावरून उठली, पाठ फिरवली, पदर डोळ्यांवर ओढला, आणि गढीकडे तोंड करून ओरडली:

"मोठ्यानं म्हण की गं भवाने! जेवली न्हाईस का?"

पोरीने पुन्हा म्हटले. मोठ्याने.

"आण! आजून जागा हाय!" तारामतीने उत्तर दिले.

रामलिंगने नातीला कठड्यावरून मागे ओढले, पण तोंड दाबले नाही.

त्या दिवशी मी वेशीत उभा होतो. माझ्या खांद्यावर वीणा होती. सप्ताहाची वीणा जमिनीला टेकू नये अशी आमची रीत; मी ती टेकवली नाही. फक्त नेहमीसारखे हात जोडले. तिने डोळ्यांवरचा पदर काढला, मला पाहिले, आणि तोंड फिरवले.